अंतरपाटाचं टोक

अक्षय्य तृतीयेपासून माझं वजन उतरायला लागतं.
ज्येष्ठ सरेपर्यंत पाच किलो.
सोवळ्याची निरी दरवर्षी एक घडी जास्त घेते.

भर वैशाखात लग्नं लावायची रीत ज्यांनी पाडली
ते नक्की कोकणातले असावेत,
ग्वाल्हेरची लू त्यांच्या कानावर नसावी.
खिशात कांदा. डोक्याला ओला पंचा.
कंपूहून मुरार, मुरारहून थाटीपूर,
स्कूटरच्या डिकीत समिधा आणि तूप,
जे दहा वाजेस्तोवर पाणी झालेलं असतं.
चार लग्नं एका दिवसात.
एकदा चौथ्यात तिसऱ्याचं गोत्र म्हणून बसलो.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
अजून झोप मोडते ती त्या गोत्रापाशीच.

होम पेटवायचा म्हणजे कूलर बंद करायचा.
तीनशे माणसं तेव्हा माझ्याकडे जसं बघतात
तसं हुंडा मागणाऱ्याकडेही कुणी बघत नाही.
‘पंडितजी, थोड़ा शॉर्ट में,’ म्हणतात नवऱ्याचे मामा.
‘पंडितजी, फेरे एक बार और,
ड्रोन की बैटरी चली गई थी.’
सात झाली, मी म्हणतो, आठवं पाऊल कुठे ठेवू?
तरी चालवतो.
आठव्यापासून चौदाव्यापर्यंत मंत्र नाही म्हणत,
बाराखडी पुटपुटतो.
ओठ हलले की फोटोचं भागतं.

पण अंतरपाटाचं टोक धरून उभा राहिलो
की साऱ्या मांडवात मला एकट्याला
दोन्हीकडचं दिसतं.
(दुसरं टोक पुतण्याकडे. तो पोथीतून वर बघत नाही.)
इकडे जांभई, तिकडे घामाने ओघळलेली हळद.
एकजण बोटांच्या पेरांवर कसला तरी हिशेब करत होता.
एकीने कापडावरचं कुंकवाचं स्वस्तिक
आपल्या बाजूने गिरवलं, उलटं,
आणि बोट पदराला पुसलं.

पोतनिसांची अनघा.
साल अठ्ठ्याण्णव, दौलतगंजातला हॉल,
वीज गेलेली, जनरेटर रुसलेला,
मुहूर्त बारा बावीसचा.
पहिलं मंगलाष्टक झालं तशी
ओठ न हलवता म्हणाली,
‘गुरुजी, जरा हळू.’

चाळीस वर्षांत ‘लवकर’ सगळ्यांनी म्हटलं.
हळू म्हणणारी ती एकटीच.
मी का म्हणून विचारलं नाही.
गणपती पुन्हा घेतला. मग नद्या,
गंगा, यमुना, नर्मदा,
मग यादीत नसलेली चंबळ, सिंध, कुंवारी,
शेवटी आपली स्वर्णरेखा, जिला गावात सगळे नाला म्हणतात.
चाल जमत नव्हती, ओढून नेली.
अक्षता संपल्या, लोक रिकाम्या मुठी उडवू लागले.
तिच्या काकांनी दोनदा घसा खाकरला.
नवरा बिचारा हार सांभाळत घाम टिपत होता,
वाईट नव्हता, नुसता उकडलेला.
आणि ती कापडाकडे बघत होती,
जणू तिथे बारीक अक्षरात काही लिहिलंय
आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचंय.

मग मान हलली. एवढीशीच.
मी अंतरपाट ओढला.
मुहूर्त टळला होता. घड्याळ माझंच, कोण बोलणार.

परवा नया बाजारात भेटली.
चष्मा, कैऱ्यांची पिशवी, स्कूटरवर टेकलेला उंच मुलगा.
‘ओळखलंत?’
ओळखलं, म्हणालो.
‘नऊ मिनिटं होती,’ म्हणाली.
मी थांबलो, पुढे काही येईल म्हणून.
ती कैरीवाल्याकडे वळली,
साठच्या पन्नास करून घेतल्या,
दोन माझ्या पिशवीत टाकल्या. पन्ह्याला होतील, म्हणाली.

उद्या तीन आहेत.
पहिलं नऊ सत्तेचाळीसला, त्यांना फार घाई आहे,
एसी हॉल बारानंतर दुसऱ्यांना दिलाय.
कमी करू, आटपतं घेऊ, मी कबूल केलंय.
नद्यांत स्वर्णरेखा मात्र मी तेव्हापासून रोज घेतो.
कुणी ऐकत नाही.
एक श्वास जास्त लागतो, तेवढाच.