अकरा पूर्णांक चार मैल

मंगळवारी रात्री नऊ ते पहाटे पाच
पेजर माझ्या उशाशी, चष्म्याला खेटून.
बूट दाराकडे तोंड करून, नाड्या सैल.
श्रीरंग म्हणतो, तू झोपतेस तीही उभ्याने.

आई फोनवर विचारते, पगार किती देतात?
काही नाही.
मग पेट्रोल तरी?
एक जाकीट दिलंय. उन्हाळ्यात कोंबडीचं जेवण असतं,
त्याची तिकिटं आम्हीच विकतो.
ती हसते. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या!
लष्कर कुठलं, आई,
अडीच जण आहोत.
दुधाचा टँकर चालवणारा लॉइड,
शाळेच्या स्वयंपाकघरातली डार्लीन
(चारलाच निघते, म्हणून अर्धी)
आणि मी.

पेनसिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यात
टेकड्या फार, दिवे थोडे.
गावातलं इस्पितळ बंद पडलं,
तिथे आता गाद्यांचं दुकान.
बाळंतिणींच्या वॉर्डात डबल बेड, सवलतीत.
म्हणून डोंगर ओलांडायचा. दर वेळी.

फेब्रुवारीत, दोन वाजून दहा मिनिटांनी, हुडाक.
वय एक्याऐंशी, छातीत दगड ठेवल्यासारखं.
स्ट्रेचरवर घेतलं तरी म्हातारा ऐकेना:
शेगडीची झडप उघडी आहे.
मी बर्फातून परत गेले, झडप लावली,
खुर्चीवरच्या मांजरीला उगाच सांगितलं, येतील.

गाडीत त्याने विचारलं, तू कुठली?
कोरेगावची. साताऱ्याजवळ.
तिथे बर्फ पडतो?
नाही.
मग इथे कशाला आलीस?
माझी दोन बोटं त्याच्या मनगटावर,
नजर सेकंदकाट्यावर.
नोकरीसाठी, म्हटलं,
आणि मोजणी चुकली. पुन्हा एकपासून.

आठ वाजता मी पगाराची होते.
स्क्रँटनला, तिसरा मजला, विमा कंपनी,
दोन पडदे, तासाला अठरा दावे.
दोनदा उशीर झाला त्याची लेखी नोंद आहे.
एकदा डुलकी लागली, तिची नाही,
पॅट्रिसने कागद पाडले माझ्या टेबलाजवळ, मुद्दाम.

मार्चमध्ये तो पडद्यावर आला.
ए शून्य चार दोन नऊ: रुग्णवाहिका, तातडीची.
अंतर अकरा पूर्णांक चार मैल.
रुग्ण आत असतानाचेच मैल धरतात,
जातानाचे, येतानाचे रिकामे कुणाचेच नसतात.
खाली नेहमीचा प्रश्न:
रुग्ण अन्य साधनाने येऊ शकला असता काय?

अन्य साधन.
त्याचा पिकअप होता दारात, चाकं बर्फात बुडालेली.
मांजर होती.
हे लिहायला चौकट नाही.
आणि नियम असा की ओळखीचं नाव दिसलं
तर दावा शेजारच्या टेबलावर सरकवायचा.
रोज मीच लोकांना हा प्रश्न विचारते
आणि रोज बऱ्याच जणांना 'होय' असं धरून
पत्र जातं. खाली माझी आद्याक्षरं.

सरकवला.
काही विशेष? पॅट्रिसने विचारलं.
नाही.
ती पेपरमिंट चघळत वाचत राहिली,
चार मिनिटं. अठराच्या हिशेबात हे फार झालं.
मग तिने पुढचं पान उघडलं.
काय ठरवलं ते मी विचारलं नाही,
विचारायचं नसतं.
दुपारी डबा उघडला, बंद केला.

पुढच्या मंगळवारी कुणाला तरी पोचवून परतताना
हुडाकच्या वळणावर लॉइडने वेग कमी केला.
मी सांगितलं नव्हतं.
धुराड्यातून बारीक धूर.
आहे, लॉइड म्हणाला.
आहे, मी.
गाडीत कुणी नव्हतं, म्हणजे तो मैलही नव्हता.
लॉइडने घड्याळ पाहिलं, गिअर टाकला.
पाचला त्याचं दूध भरायचं होतं.