डावा हातमोजा

अर्वाइखेरच्या वसतिगृहात मी रात्रपाळीची बाई.
शेगडीत कोळसा घालते, दिवे मोजते, मुलं मालवते.
चुकलं. दिवे मालवते, मुलं मोजते.

जिल्ह्याहून छापील कागद आलेत, प्रत्येक मुलामागे एक.
तेमूलेनच्या कागदावर मुख्याध्यापकांनी आधीच लिहून ठेवलंय:
मुलगा हाताबाहेर गेलाय.
खाली दोन रकाने माझ्यासाठी सोडलेत.
वर्तन. कारण.

वर्तन सोपं आहे.
न्हाणीघराची काच फोडली. गणिताचा पेपर कोरा दिला.
ताटातलं मटण तसंच, वर चरबीचा पांढरा थर धरेपर्यंत.
डावा हात सदा खिशात, मूठ आवळलेली.
"मारायलाच टपलाय," गणिताचे सर म्हणतात.

कारणाचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात सांचिर कसा मावायचा?

चार हिवाळे दोघांत हातमोज्यांची एकच जोडी.
डावा सांचिरच्या हातात, उजवा याच्या,
मधले दोन उघडे हात एकाच खिशात.
शाळेपासून इथवर, उणे तीसमध्ये,
चार पायांचं एक जनावर यावं तसे यायचे.
मी ओरडायची, अरे, दुसरी जोडी देते!
ऐकतंय कोण.

मग गवतावर बर्फाची काच चढली.
सांचिरच्या बापाची तीनशे मेंढरं उभ्या उभ्या गोठली.
उरलं ते एका ट्रकात मावलं.
राजधानीच्या कडेला, धुराच्या टेकडीवर
आता त्यांचं लोकरीचं गोल घर.
डावा हातमोजा त्याच्याबरोबर गेला.
चुकून की मुद्दाम, मी विचारलं नाही.

रिकाम्या खाटेवर ओत्गोन आला, अकरा वर्षांचा,
आईने विणलेले उंटलोकरीचे हातमोजे दोरीने गळ्यात.
पहिल्याच रात्री तेमूलेनने त्याची गादी
खिडकीतून बर्फात फेकली.
मी झटकून परत आणली. बोलले काहीच नाही.
बोलायला हवं होतं, बहुतेक.

रविवारी फोन. सात मिनिटं.
"हं." "हं." "नाही." "हं."
मग एकदम हसला, नाकातून,
आणि रात्री दोन वाडगी रिचवली, तिसरं चाटून पुसून.
सोमवारी पुन्हा कोरा पेपर.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

काल पहाटे तीनला कोळशाचं घमेलं घेऊन दाराशी थांबले.
आत ओत्गोन हुंदके गिळत होता, ते गिळले जात नव्हते.
अंधारातून तेमूलेन: "ए. घोडे सांग."
"कुठले?"
"रंग रे. एक मी, एक तू. जो अडेल तो उद्या पाणी आणेल."

तांबूस, काळ्या आयाळीचा.
राखी. राखीतही निळसर.
लोण्याचा. लांडग्याच्या पाठीचा.
कपाळावर चांद असलेला.

मला हा खेळ पाठ आहे, चार हिवाळे दारामागून ऐकलाय.
एका जागी तेमूलेन थांबला.
तिथला रंग नेहमी सांचिर सांगायचा.
घमेलं जड झालं, तरी मी हलले नाही.

ओत्गोन म्हणाला, "चिकाच्या दुधाचा."
"असा रंगच नसतो."
"असतो. आमच्याकडे आहे. म्हातारी घोडी."
बराच वेळ नुसती शेगडी तडतडत राहिली.
"बरं," तेमूलेन म्हणाला. "धरला."

सकाळी पाणी त्यानेच आणलं.
दोन बादल्या, म्हणजे दोन्ही हात बाहेर.
डावा उघडा, बिटासारखा लाल,
इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पाहिला मी.
नखं कुरतडून पार मांसापर्यंत.

मी कपाटातून नवी जोडी काढून पुढे केली.
"नको," म्हणाला.
बादल्या टेकवल्या, दारापर्यंत गेला,
आणि पाठमोराच:
"ठेवा तिथे."