डावा डोळा

पाकिटात तीनशे दहा डॉलर,
दाढेवर टोपी बसवायला साठवलेले.
दाढ महिनाभर गप्प होती,
म्हणून स्कूलबस डेपोत लावली
आणि लेम्पी हारयूच्या दुकानात शिरले.

भिंतीवर बंदुका. वरच्या रांगेत
अक्रोडी दस्त्याच्या, कोरीवकाम केलेल्या,
किमतीची चिठ्ठी उलटी टांगलेली.
उलट्या चिठ्ठीला मी कधीच काही विचारत नाही.

"कशासाठी हवी? बदकं? हरणं?"
"तबकड्या," म्हटलं. "मातीच्या, नारिंगी.
मंगळवारी शेवटचं पोर उतरवून परतताना
रेंजच्या कुंपणापलीकडे फुटतात.
एकोणीस वर्षं बघतेय."

लेम्पीने पैसे विचारलेच नाहीत.
म्हणाली, हात लांब कर, पंजांचा त्रिकोण कर,
त्यातून समोरचं घड्याळ बघ.
आता डावा डोळा मीट.

घड्याळ गेलं.

चोपन्न वर्षं उजव्या हाताने लिहिलं, चिरलं,
उजव्या हाताने नवऱ्याच्या कबरीवरचा बर्फ झाडला,
आणि बघणारा मालक भलताच निघाला.
कुणी सांगितलं नाही.
कुणाला माहीत असणार म्हणा.

मग तिने मागच्या खोलीतून ती आणली.
वीस गेजची, जुनी पंपवाली,
नळीवरचा निळा रंग हाताळून राखाडी,
दस्ता कुणीतरी दीड इंच कापलेला,
तळाशी चाकूने कोरलेलं: ए. के.
"ही रिकामं काडतूस खाली टाकते,
डावखुऱ्याच्या तोंडावरून उडवत नाही.
बूट घेतेस ना, तशी घे. आधी बसते का बघ."
खांद्याला लावली. गाल आपोआप टेकला.
दोनशे पस्तीस.

फॉर्म भरला. तिने फोन लावला.
पलीकडून होकार येईपर्यंत
आम्ही दोघी मासे पकडायच्या गळांकडे बघत उभ्या.
उरलेल्यातून कानांचे बोंगे, चष्मा,
काडतुसांच्या दोन पेट्या.
"कान-डोळ्यांत काटकसर करू नकोस," म्हणाली,
"बंदूक दुसरी मिळते."

रेंजवर रेनो कांगास, वय एक्क्याऐंशी,
दोन्ही कानांत यंत्रं.
"आम्ही बोंगे लावले नाहीत, म्हणून ही लावतोय."
पहिला तास एकही काडतूस दिलं नाही.
बंदूक उघडी. नळी मैदानाकडे.
रिकामी आहे हे माहीत असलं तरी
भरलेली समजून वाग.
चापापासून बोट लांब, अजून लांब.
नुसती तबकडी सुटू दे, नुसतं वळ तिच्यामागे,
कमरेतून, हातांतून नाही.

मग एकच काडतूस दिलं.
"नेम धरत बसू नकोस. बोट दाखव.
आरशात बघून दंगेखोर पोराला दाखवतेस, तसं."
तबकडी मागवायला इथे ओरडायचं: ओढ!
माझ्या तोंडून पहिल्यांदा ते
एखाद्या तक्रारीसारखं निघालं.
तबकडी गेली, शहाण्यासारखी,
सरोवराकडून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगत,
गवतात अलगद उतरली, अख्खी.

दुसरी अख्खी. सहावी. अकरावी.
रेनो म्हणाला, "थांबतेस. चाप दाबताना
तुझी बंदूक थांबते. बस थांबव, ही थांबवू नकोस."

चौदावी फुटली.
आवाज आला नाही, बोंग्यांमुळे.
नारिंगी होतं तिथे धूर होता
आणि मी बंदूक खाली करायची विसरले नाही,
हेच रेनोला जास्त आवडलं असावं.

पंचवीसपैकी तीन.
पायाशी पडलेली काडतुसं वेचली, अजून कोमट.
विचारलं, हे ए. के. कोण?
"या गावात अर्धे लोक ए. के. आहेत,"
तो म्हणाला, आणि अंगठा मात्र
त्या अक्षरांवर जरा जास्त वेळ ठेवला.

परतताना लक्षात आलं:
ड्रायव्हरची खिडकी डावीकडे असते.
रेंजही जाताना डावीकडेच.
म्हणजे तो एकटाच शिकत होता, इतकी वर्षं,
मला न सांगता.

हसायला आलं,
तेव्हा कळलं,
दणक्याने दाढ पुन्हा जागी झालीय.