प्रमाण एकास शंभर

एस.टी.चा घेर मला पाठ आहे.
अकरा मीटरची गाडी वळताना
मागचं चाक आत कापतं,
तेवढी जागा सोडली नाही
तर कुणाचा तरी पाय जातो.
हे पुस्तकात आहे.

पुस्तकात नाही ते
मिरजेच्या स्थानकावर आठ दिवस वही घेऊन बसल्यावर कळलं:
माणसं बाकांवर बसत नाहीत.
खांबाच्या सावलीत एकामागे एक उभी राहतात
आणि दुपार कलते तशी
सगळी रांग बोट-बोट सरकते,
पिशव्यांसकट, कुणी न सांगता.

हातात एक्स-रेची पाकिटं.
उन्हाला धरून बघतात.
शेजारचा अनोळखीही मान घालतो मध्ये,
"हितं बघा की, भेग हाय."
डॉक्टरांनी तेच सांगितलेलं असतं,
तरी आता कुठं पटतं.

वाहतूक नियंत्रक आदगोंडा मगदूम
चष्मा कपाळावर सारून
माझं मॉडेल बघत राहिले.
फलाटावर मी पुठ्ठ्याची माणसं चिकटवली होती,
अर्ध्या पेराएवढी, पांढरी.
"मॅडम, तुमची माणसं लई निरोगी हैत.
एकालाबी कुणी धरलेलं न्हाई."
मग बॉलपेनच्या टोकानं
दोघांना एकमेकांजवळ सरकवलं,
एकाला जरा तिरकं केलं.
डिंक अजून ओला होता.

कोंडाबाई ऐवळे, उमदीच्या.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
दुसऱ्यात मोतीबिंदू, त्याची पाळी पुढच्या महिन्यात.
विचारलं, जतची गाडी कुठं लागते, कसं कळतं?
मला वाटलं, कर्ण्यावर सांगतात म्हणतील.
"त्यो वाकडा खांब हाय की.
हाताला गार लागतोय बघ.
बाजूला नळ गळतोय, आवाज येतोय.
तिथं हुबं ऱ्हायलं की जत येतंय."

जत येतंय.

त्या रात्री नकाशा परत उघडला.
चोवीस खांब, सहा-सहा मीटरवर,
एका जाडीचे, एका राखाडी रंगाचे.
मला त्यांचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.
वर दोन्हीकडं उचललेलं पोलादी छप्पर,
फलाटांचे आकडे दीड फुटी, पिवळ्यावर काळे,
खाली गावांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये.
ओढणी डोळ्यांवर बांधून
मी मनानं त्या नकाशात शिरले,
तिसऱ्या की चौथ्या खांबाशी हरवले.
सगळे हाताला सारखेच लागत होते.

बाक पुसले.
आधी सावलीची रेघ काढली,
मे महिन्यातली, दुपारी दोनची, मग चारची,
आणि बाक तिच्या मागोमाग नेले.
उताराचा कठडा गोल केला, म्हाताऱ्या मुठीत मावेल इतका.
छपराच्या कडेला एक फट ठेवली,
पाऊस येणार नाही, उजेड येईल,
एक्स-रे बघण्यापुरता.
आणि सातवा खांब
रांगेतून हातभर बाहेर घेतला.
काळ्या दगडाचा. बाजूला नळ.

मंजुरीच्या बैठकीत साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवली,
एकदा वरून, एकदा खालून.
"हा खांब रांगेत नाही."
"नाही."
"मग कुणाच्या रांगेत आहे?"
"जतच्या," मी म्हणाले.
कुणीतरी हसलं. चहा आला.
त्यांनी खांबाभोवती लाल पेन्सिलीनं वर्तुळ काढलं
आणि बाजूला प्रश्नचिन्ह.

ते प्रश्नचिन्ह घेऊन फाइल
कुठल्या टेबलावर आहे, ठाऊक नाही.
जुनं स्थानक तसंच उभं आहे.
परवा मगदूमांचा फोन आला,
मागं इंजिनाची घरघर, कुणाचं तरी पोर रडतंय.
"मॅडम, त्यो नळ दुरुस्त कराय
मानूस आलाय वरनं.
करू द्यू का नगं?"