दात येईपर्यंत

बँडच्या खोलीला फिनाइलचा वास येतो, आणि जुन्या पितळेचा.
मेस्त्रे एवारिश्तु चष्मा कपाळावर ढकलतात,
तेल्मूची हनुवटी धरून त्याचं तोंड
बाजारातल्या वासराचं उघडावं तसं उघडतात.
"वरचे दोन नाहीत," म्हणतात. "ट्रम्पेट विसरा."

तेल्मू ट्रम्पेटसाठीच आला होता.
आठवडाभर झोपेत उशीवर तीन बोटं आपटत होता.

आमच्या साओ जॉर्ज बेटावर वाद्य विकत घ्यावं लागत नाही.
गावागणिक बँड, आणि ज्या घरात पोर आठ वर्षांचं झालं
त्या घरी मेस्त्रे चीज घ्यायच्या निमित्तानं येऊन जातात.
वाद्य बँडचं, ओठ आपले.
पोचा आला तर भरपाई मात्र आईबापाची.

तरी निवडायला सगळं घर पुढे.
सासूबाईंना बासरी हवी: मिरवणुकीत पहिल्या रांगेत चेहरा दिसतो.
नवरा म्हणाला, काहीही द्या,
पण मी पहाटे चारला धारा काढायला उठतो,
दुपारी झोपतो, एवढं ध्यानात ठेवा.
दीर टोरांटोहून फोनवर: सॅक्सोफोन, सॅक्सोफोन.
त्याला काय जातंय.

मेस्त्रे हात मोजतात.
ट्रॉम्बोनला अजून एक वीत हवी.
हॉर्नमध्ये पोरानं जीव खाऊन फुंकलं
आणि बाहेर आली नुसती थुंकी.
टुबाच्या आत डोकं घालून त्यानं विचारलं, "आहे का कुणी?"
आतून कुणीतरी, आडातून बोलल्यासारखं, "णी" म्हणालं.
ढोल त्याला आवडला.
मला नाही.

मग सर्वांत खालच्या फळीवरून
मेस्त्रेंनी एक काळी पेटी ओढली, अकरा नंबर,
कडी गंजलेली, बिजागरीला सुतळी.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"क्लॅरिनेटलाही दात लागतातच. पण येतील तोवर
बोटं तरी शिकेल."

उघडायच्या आधीच मी ओळखली.
फुंकायच्या तोंडावर, काळ्या रबरात, वरच्या अंगाला
दोन खाचा. एक खोल, एक उथळ,
कारण माझा एक दात दुसऱ्याहून लांब आहे.
सहा वर्षं मी तिथे चावा धरला होता.
मग चीजच्या कारखान्यात रात्रपाळी, मग तेल्मू,
मग या ईस्टरनंतर, मग पुढच्या.
कुणी मला सोड म्हणालं नाही. तेच तर.
म्हणालं असतं तर मी भांडले असते.

तेल्मूनं खाचांवरून नख फिरवलं.
"हे कुणी चावलंय?"
"मी."
त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं,
चप्पल कुणी कुरतडली ते कळल्यावर
कुत्र्याकडे बघतात तसं.
"मग हे तुझंय," म्हणाला. "मला उष्टं नको."

मेस्त्रे हसतील असं वाटलं होतं.
ते वहीच्या पानांत पेन शोधत राहिले,
पेन कानावर होतं.

आता असं ठरलंय की
तेल्मूला ट्रम्पेटचं फक्त तोंड मिळालं, मुठीत मावणारं.
बाकीचं दात आल्यावर.
तो ते खिशात घालून शाळेत नेतो, न्हाणीघरात वाजवतो,
चिडलेल्या बदकासारखा आवाज येतो.
गाईंना चालतो. सासूबाईंना नाही.

अकरा नंबर फ्रीजवर आहे, पावाच्या डब्याशेजारी.
वहीत नाव माझं लिहिलंय, माहेरच्या आडनावानं.
अजून वाजवली नाही.
काल रात्री फक्त एक रीड
पेलाभर पाण्यात भिजत टाकून झोपले.

नवऱ्यानं पहाटे अंधारात ते पाणी पिऊन टाकलं.
मी पडल्या पडल्या ऐकलं:
घोट, घोट, मग थांबला, मग थू.
दिवा लावला नाही.
काही विचारलंही नाही.
नळ सुटला, पेला परत भरला गेला,
आणि आत काहीतरी हलकंसं
काचेला लागल्याचा आवाज.