कंचेभागुबेव

या घरात आल्यावर शिकलेला पहिला मराठी शब्द
कुठल्याच शब्दकोशात सापडला नाही.
सासूबाईंनी तो कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला सांगितला,
कंचेभागुबेव,
आणि मला वाटलं, एखादी पालेभाजी असेल.

इंदुमती दिघे. रावपुऱ्यातल्या मराठी शाळेत छत्तीस वर्षं गणित.
शेवटच्या वर्षी सातवीत चार मुलं उरली होती,
त्यातली दोन घरी गुजराती बोलणारी.
आता फळा नाही, म्हणून दूधवाल्याच्या कॅलेंडरवर लिहितात,
एकादशी आणि गॅसच्या नंबराच्या मधल्या चौकोनात.

मी सुरतेची हेतल.
त्यांचं मराठी भरभर, माझं गुजराती त्याहून,
मधल्या जागेत चिन्हं आली.
चिन्हांना काना-मात्रा नसते.

नणंदेचा फोन ठेवला की त्या < काढायच्या.
मी विचारलं, हे रागाचं का?
म्हणाल्या, तोंड नेहमी मोठ्याकडे उघडतं.
म्हणून मोठ्यानं ऐकून घ्यायचं.
आणि मग नणंदेला परत फोन लावला.

हातचा मला आधीपासून ठाऊक होता,
आमच्याकडे त्याला वद्दी म्हणतात.
पण हातचा म्हणजे राखून ठेवलेला नव्हे, असं त्या म्हणतात,
तो पुढच्या घरात द्यायचा असतो.
पोळ्या मोजून झाल्या की एक गोळा उरतोच त्यांच्या परातीत.
समोरच्या घरात एक म्हातारे पारशी गृहस्थ राहतात.

समजा क्ष, हे फक्त वहीत.
माणसाला गृहीत धरलं तर ते सिद्ध होत नाही,
निघून जातं.
हे सांगताना त्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघत नाहीत,
मुद्दाम बघत नाहीत.

नंदेसरीच्या कंपनीत मला रात्रपाळी लागली
तेव्हा मकरंदचा आवाज जिन्यापर्यंत गेला.
त्या त्याच्या शेजारून उठल्या,
माझ्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसल्या, मटार सोलत.
= ओलांडलं की चिन्ह बदलतं.
चार दिवस मुलाच्या हिशेबात त्या वजा होत्या.
पाचव्या दिवशी त्यानंच सेव उसळ आणली, तर्री वेगळी,
आणि त्यांच्या ताटलीत आधी वाढली.

आमचं दोघींचंही झालं एकदा.
कशावरून, ते लिहिण्याइतकं मोठं नाही,
एका डब्याचं झाकण होतं.
चे म्हणजे कुणाचे,
हे ठरवण्यातच निम्मं भांडण जातं.
मी सुरतेला फोन केला, आईनं मामीला केला,
संध्याकाळपर्यंत झाकणाला कितीने गुणलं कोण जाणे.

सकाळी कॅलेंडरवर कंस होता.
(                    )
आत काही नाही.
शेजारी दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल.

कंस आधी सोडवायचा, हे मला पाठ होतं.
दोन दिवस मी दुधाचा आकडा त्याच्या खाली लिहिला.
तिसऱ्या दिवशी आत लिहिलं: माझी चुक.
दुपारी बघते तर लाल पेनानं उकार दीर्घ केलेला,
आणि पुढे ½.

मला वाटलं, शुद्धलेखनाचा अर्धा गुण कापला.
रात्रपाळीच्या बसमध्ये, छाणीच्या फाटकापाशी,
एकदम लक्षात आलं, अर्धी कुणाची ते.
ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, बेन, शुं थयुं?
काय सांगणार. अपूर्णांक म्हटलं.

काल मकरंद कणीक मळत होता (हे नवीन आहे),
त्यानं विचारलं, बेरजेच्या आधी भागाकार का गं असतो?
गणिताच्या बाईंचा मुलगा, आणि मला विचारतो.
मी म्हटलं, आधी वाटायचं. मग मिळवायचं.
आतून सासूबाई खोकल्या.
ते बरोबरचं चिन्ह होतं की अंदाजे बरोबरचं,
सांगता येत नाही.
कुकरची शिट्टी झाली.
तिसरी की चौथी, यावर आमचं तिघांचं एकमत नव्हतं.