फुटामागे एक सूत

बँकेतल्या नव्या साहेबांनी विचारलं,
‘एष्टु साल ऐती, सर?’
मी मोबाईलवर हप्त्याचा मेसेज बघत होतो.
म्हणालो, ‘अकरा.’
नोकरीला अकरा सालं झाली, तेवढंच डोक्यात.
साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
वैजयंतीनं खालून पाय दाबला.
कन्नडातलं साल म्हणजे कर्ज,
एवढं तर भाजी घेता घेता शिकला होतास की.

घरी येऊन मोजली.
घराचं. दोन गाड्यांची दोन.
खानापूर रोडच्या प्लॉटचं, जिथं अजून
चार कोपऱ्यांना नुसते चार दगड.
शहापूरच्या पतसंस्थेचं, मामेभाऊ जामीन.
कार्डांची तीन. तिच्या पाटल्या ठेवून काढलेलं.
फोनचं, शून्य टक्के, म्हणून कधी कर्ज न वाटलेलं.
आणि एक, जे यातलंच एक फेडायला घेतलं होतं
आणि कुठलं ते दोघांनाही आठवेना.

अकरा.
म्हणजे मी साहेबांशी खोटं बोललो नव्हतो.

दोघांचे पगार मिळून दोन लाख साठ हजार.
तिसऱ्या गेटापर्यंतचे लोक आमच्याकडे बोट करून
पोरांना सांगतात, शिका.
एक तारखेला पैसे येतात,
सहा तारखेला आम्ही दूधवाल्याला ‘सोमवारी’ म्हणतो.
सांगण्यासारखं दुःख काहीच नाही.
कुणी आजारी पडलं नाही, धंदा बुडाला नाही.
पगार वाढला तसे आम्ही वाढलो,
वाढदिवस गोव्याला जाऊ लागले,
चोर्ल्यातून रात्री परतताना
काचा वर, गाणी मोठी,
मागच्या सीटवर झोपलेलं पोर,
आणि ते खरंच सुख होतं, ते कसं नाकारू?

रबर शोधायला ड्रॉवर उपसला
तर तळाशी आप्पांची पट्टी.

आप्पा उद्यमबागेत पॅटर्न करायचे.
सागवानाचा पंप, सागवानाची पुली,
वाळूत दाबायची, मग त्या पोकळीत लोखंड.
लोखंड निवलं की आक्रसतं,
म्हणून त्यांच्या पट्टीवरचा फूट
जगाच्या फुटापेक्षा थोडा मोठा.
सातवीत मी ती चुकून वर्गात नेली.
माझी रेघ सगळ्यांहून केसभर लांब,
कुलगोड बाईंनी हातावर छडी दिली.
आप्पा रात्री हसले.
‘बाईंचं बरोबर हाय. खरं त्यांची रेघ तापत न्हाई.’

आप्पा काही संत नव्हते.
आकडा लावायचे, हरायचे, आईपासून लपवायचे.
खरं गरम लोखंडाचं माप
त्यांनी कधी थंड धरलं नाही.

आणि आम्ही?
वाढीचं पत्र हातात पडायच्या आधी,
वितळलेला, लालभडक, उसळता आकडा धरून
सोफ्याचं माप घेतलं.

वैजयंतीनं पट्टी उजेडात धरली.
‘किती सोडायचे रे ते?’
‘फुटामागे एक सूत.’
‘म्हणजे?’
फुटात बारा इंच, इंचात आठ सूत.
मी सवयीनं कॅल्क्युलेटर उघडला.
दोन लाख साठ हजार भागिले शहाण्णव.

दुसरी गाडी विकायची, हे भांडण न होता ठरलं.
प्लॉटवर भांडण झालं, अजून चालू आहे.
मामेभावाला फोन करायचा आहे, तो उद्या, नाहीतर परवा.
वहीच्या पहिल्या ओळीवर मात्र
सगळ्या हप्त्यांच्या वर
तिनं लिहिलं: सूत.
पुढे दोन हजार सातशे आठ रुपये तेहतीस पैसे.

पेन थांबलं.
‘खरं तेहतीस पैसे ठेवूया कुठं?’
कितीतरी दिवसांनी आम्ही
पैशावरून हसलो,
पोर उठेल म्हणून तोंडावर हात धरून.